वाचकांचे प्रश्न : आत्याच्या ट्रंकेतले चाळीस फोटो

घरातील जुन्या फोटोंबाबत काय अडते, असे या सदरात गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते. बहुतेक पत्रे लग्नाच्या अल्बमविषयी येतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत सहलींचे, तलावाकाठचे, कॉलेजच्या कट्ट्यावरचे, मित्रमैत्रिणींनी एकमेकांचे काढलेले छोटे फोटोच अधिक निघाले. लग्नाचे आणि बारशाचे फोटो सगळे घर मिळून सांभाळते. दोस्तमंडळींचे फोटो मात्र ज्याचे त्यानेच जपलेले असतात आणि ते माणूस गेले की त्यांना वाली उरत नाही. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : माझी आत्या अविवाहित होती. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेच्या तळाशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुमारे चाळीस कृष्णधवल फोटो सापडले. त्यांत दोन वेण्या घातलेल्या आणि साडीतल्या मुली आहेत, काही तरुण आहेत, एक तलाव, एक ओढा आणि डोंगर दिसतो. मागे नावे नाहीत, तारीख नाही. हे फोटो कुठले, कधीचे आणि त्यांतली माणसे कोण, हे कसे शोधावे?
— एक वाचिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण सहा फोटोंच्या प्रती पाठवल्यात, त्यामुळे मला नुसत्या सर्वसाधारण सूचना देण्यापेक्षा थोडे अधिक सांगता येईल. सर्वांत आधी एक विनंती आहे. डब्यातले फोटो अजून हलवले नसतील तर ते ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने मोबाइलवर टिपून घ्या आणि कोणता फोटो कोणत्या पाकिटात होता, कोणते दोन एकत्र गुंडाळलेले होते, हे एका वहीत लिहा. आत्यांनी कोणता फोटो कशाजवळ ठेवला ही त्यांनी स्वतः केलेली एकमेव नोंद आहे, आणि आपण घाईने सगळे फोटो पत्त्यांसारखे पिसले तर ती कायमची पुसली जाईल.

आता आकार पाहू. आपल्या सहापैकी पाच फोटो चौकोनी, साधारण सहा सेंटिमीटरचे आहेत आणि त्यांच्या पांढऱ्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या आहेत. हा आकार १२० क्रमांकाच्या फिल्म रोलचा. त्या रोलवर असे बारा फोटो निघत, आणि निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून प्रिंट काढली की फोटो निगेटिव्हएवढाच येई. मोठे करून घ्यायला जास्त पैसे पडत, म्हणून विद्यार्थ्यांचे फोटो बहुधा याच मापाचे सापडतात. आगफा क्लिक थ्री हा बडोद्यात तयार होणारा साधा कॅमेरा याच रोलवर चाले आणि साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत जो कॅमेरा असे तो बरेचदा हाच असे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावल्यानंतर अवघ्या एका वर्षाने. पण कॅमेरा सामान्य घरातल्या विशीतल्या मुलामुलींच्या हातात यायला त्यापुढे जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

आपण पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत एका मुलीच्या पदरातून तलावाचे पाणी आणि होडीचे टोक आरपार दिसते. घरातल्या कोणाला ते अशुभ वाटले, असे आपण लिहिले आहे. त्यात काहीही अशुभ नाही. या कॅमेऱ्यांच्या पाठीवर लाल काचेची बारीक खिडकी असे. त्यातून रोलच्या कागदावरचा आकडा दिसे आणि एक फोटो झाला की पुढचा आकडा येईपर्यंत चावी फिरवायची असे. ती फिरवायची राहिली तर एकाच जागी दोन फोटो उमटत. आधी कोणीतरी तलाव टिपला, मग मैत्रीण समोर उभी राहिली आणि गप्पांच्या नादात चावी फिरवायची राहून गेली. बारांपैकी एक फोटो वाया गेला असतानाही आत्यांनी तो टाकून दिला नाही, प्रिंट करून घेतला आणि जपला, हे मला फार मोलाचे वाटते.

काळ ठरवण्यासाठी फोटोची पार्श्वभूमी आणि त्याची पाठ दोन्ही पाहावी लागतात. तलाव मासुंदा आहे, याविषयी मला शंका नाही. तलावपाळीवरून ज्या दिशेने फोटो घेतला आहे त्या दिशेला गडकरी रंगायतन हे नाट्यगृह दिसायला हवे होते, पण ते नाही. रंगायतन १९७८ मध्ये उभे राहिले, म्हणजे फोटो त्याआधीचा. एका फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे, त्यात पत्ता आहे पण पिनकोड नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले, त्यामुळे फोटो त्याच्याही आधीचा असण्याची शक्यता वाढते. मात्र जुने रबरी शिक्के दुकानदार वर्षानुवर्षे वापरत असत, म्हणून एवढ्याच पुराव्यावर वर्ष ठरवू नये. पुढच्या काळातील फोटोंसाठी वाहनाची नंबरप्लेट उपयोगी पडते. मागे उभ्या स्कूटरवर ‘एमएच ०४’ दिसले तर फोटो १९८९ नंतरचा, कारण त्यापूर्वी राज्यातल्या गाड्यांना एम या अक्षराने सुरू होणारी तीन अक्षरे मिळत.

राहिला प्रश्न माणसांचा. ओढ्याच्या फोटोत खालच्या कडेला एक सावली पडली आहे, ती भिंगाखाली नीट पाहा. तेव्हा फोटो काढणाऱ्याने सूर्याकडे पाठ करून उभे राहायचे असा शिरस्ता होता, त्यामुळे सकाळी किंवा उतरत्या दुपारी त्याची सावली चौकटीत येई. या सावलीत दोन्ही कोपर वर उचललेले आहेत, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावलेला आहे, आणि खांद्यांच्या दोन्ही बाजूंना दोन वेण्या स्पष्ट दिसतात. हा फोटो एका मुलीने काढला आहे. समोर पाच मुली आणि तीन मुलगे उभे आहेत, आपल्या आत्या त्यांत नाहीत, आणि दुसऱ्या फोटोत त्यांना दोन वेण्या आहेत. मी यापुढे जाऊन काही ठामपणे म्हणणार नाही, पण कॅमेरा कोणाच्या हातात होता हा प्रश्न आपण आपल्या वडिलांना जरूर विचारा.

नावांसाठी आत्यांच्या शाळेतल्या, नोकरीतल्या आणि आळीतल्या समवयस्क बायकांकडे जा, आणि प्रत्येकीकडे स्वतंत्रपणे जा. चार जणींना एकत्र बसवून फोटो दाखवला की पहिली जे नाव घेते त्यालाच बाकीच्या माना डोलावतात. दोघींनी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकींना न विचारता तेच नाव सांगितले तर ते पक्के समजा आणि एकीनेच सांगितले असेल तर तसे लिहून ठेवा. फोटो दाखवताना ‘ही कोण’ असे लगेच विचारू नये. ‘इथे कशा गेला होतात, डबा काय नेला होता’ असे विचारले की नावे आपोआप येतात, कारण माणूस चेहरा विसरला तरी कोणाच्या हातची थालीपिठे होती हे विसरत नाही.

प्रश्न : माझे वय ७८. तरुणपण ठाण्यात खारकर आळीत गेले, आता मुलाकडे वाशीला असतो. माझी नात जुने फोटो पाहून म्हणते की, आजोबा, तुम्ही सारखे सहलीलाच जात होता आणि तिथेही मुली एका ओळीत, मुलगे दुसऱ्या ओळीत, नुसते उभे. आमचे दिवस इतके कोरडे नव्हते, पण फोटोत दुसरे काही नाही. तिला काय सांगावे?
— एक ज्येष्ठ वाचक, वाशी

उत्तर : नातीचे निरीक्षण बरोबर आहे आणि आपली तक्रारही बरोबर आहे. आपल्या फोटोंत सहलीच दिसतात त्याचे मुख्य कारण उजेड हे आहे. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांना भरपूर ऊन लागे. फ्लॅशचे काचेचे बल्ब एकदाच वापरता येत आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडणारे नव्हते. त्यामुळे जे उन्हात आणि मोकळ्यावर घडले तेवढेच कागदावर उतरले. गच्चीवरची कोजागिरी आणि पातेल्यात आटणारे दूध, गणपतीच्या आदल्या रात्रीची मंडपातली जागरणे, शाळेच्या वर्गात कंदिलासारख्या मंद दिव्याखाली चाललेल्या एकांकिकेच्या तालमी, रात्रीच्या खेळानंतर सिनेमागृहापासून घरापर्यंत गाणी म्हणत केलेली पायपीट, बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या खिडकीशी जमलेली पोरे, यांपैकी कशाचाही फोटो आपल्याकडे नसणार, आणि तो जवळजवळ कोणाकडेच नसतो. तरुणांची खरी बैठक संध्याकाळनंतर जमे आणि कॅमेरा नेमका संध्याकाळी थांबे. मुलींच्या बाबतीत हे उलट्या अर्थाने लागू होते. दिवेलागणीच्या आत घरी परतायचे असल्यामुळे त्यांच्या मोकळेपणाचा बहुतेक भाग दिवसाच गेला, म्हणूनच हसणाऱ्या, एकमेकींच्या गळ्यात हात टाकलेल्या, खडकावर पाय सोडून बसलेल्या मुली आपल्याला सहलीच्या फोटोंतच भेटतात.

दोन ओळींचे म्हणाल तर त्यातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रोलवर बारा फोटो, रोलचा आणि धुवायचा खर्च सगळ्यांनी वर्गणी काढून केलेला, त्यामुळे प्रत्येक चौकटीत शक्य तितकी माणसे बसवणे भाग होते आणि मग सगळे ओळीत उभे राहत. शिवाय प्रिंट घरी जाणार, वडीलधारी ती पाहणार, हे प्रत्येकाला ठाऊक असे. तेव्हा ओळ हा घरासाठी केलेला बंदोबस्त होता. नातीला म्हणा, चेहरे सोडून हात आणि नजरा पाहा. कोणाची पाण्याची बाटली कोणाच्या खांद्यावर आहे, कोणाचा स्वेटर कोणी कमरेला बांधला आहे, ओळीच्या टोकाला उभा असलेला कॅमेऱ्याकडे न पाहता कोणाकडे पाहतो आहे. माझ्याकडे एका वाचकाने पाठवलेला माथेरानचा एक फोटो आहे. त्यात मुलग्यांच्या ओळीतल्या एकाच्या मनगटावर मुलीचे बारीक पट्ट्याचे घड्याळ आहे. नेरळहून चढताना तिने ते काढून त्याच्याकडे सांभाळायला दिले होते, असे त्यांनी मला लिहिले. त्या दोघांचे पुढे लग्न झाले नाही, मैत्री मात्र अजून आहे.

आपण एक करावे. प्रत्येक फोटोसोबत त्या दिवशी फोटो काढून झाल्यावर काय घडले ते चार-पाच ओळींत लिहून ठेवावे. हे काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करू शकणार नाही.

प्रश्न : आमचे १९८० च्या दशकातले कॉलेजचे रंगीत फोटो लालसर झाले आहेत, पण त्याहून जुने कृष्णधवल फोटो उत्तम आहेत. असे का?
— एक वाचिका, ठाणे पूर्व

उत्तर : कृष्णधवल फोटोत प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते, रंगीत फोटोत ती तीन रंगद्रव्यांची असते. त्या काळच्या कागदांवरचे निळसर रंगद्रव्य अल्बममध्ये बंद असतानाही आधी विरत जाई, त्यामुळे उरलेला फोटो लाल-गुलाबी दिसतो. उष्ण आणि दमट हवेत हे लवकर होते, आणि आपल्या खाडीकाठच्या शहरात तशी हवा वर्षभर असते. गेलेला रंग मूळ फोटोत परत येत नाही. स्कॅन केल्यावर संगणकावर तो बराच सावरता येतो, मात्र न सुधारलेला स्कॅनही वेगळा जपून ठेवावा. निगेटिव्ह सापडल्या तर आधी त्यांचे स्कॅन करावे, कारण त्यांत पुष्कळदा प्रिंटपेक्षा अधिक शिल्लक असते. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेली तारीख असेल तर तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यातला सेल बदलल्यावर घड्याळ पुन्हा लावायचे अनेकांच्या लक्षात येत नसे.

प्रश्न : चिकट पानांच्या अल्बममधून फोटो कसे सोडवावेत?
— एक वाचक, कोपरी

उत्तर : ओढून कधीही नाही. वीस वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या भावाच्या मित्रमंडळाचा येऊरच्या जंगलातला फोटो असाच एका कोपऱ्याला धरून उचलला आणि उजवीकडच्या मुलाचा अर्धा चेहरा पानाला चिकटून राहिला. तो मुलगा हा फोटो काढल्यानंतर दोनच वर्षे जगला होता आणि त्याच्या घरी त्याचा दुसरा फोटो नव्हता. हे मी आजही विसरू शकलेलो नाही. आधी फोटो अल्बममध्ये आहे तसाच पारदर्शक आवरण उचलून टिपून घ्यावा. मग दातांच्या फटी स्वच्छ करण्याचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून, दोन्ही हातांत ताणून, करवतीसारखा सावकाश पुढेमागे न्यावा. फोटो वाकू लागला तर तिथेच थांबावे आणि पान भोवतीने कापून फोटो पानासकट ठेवावा. सोडवलेले फोटो पुन्हा प्लास्टिकमध्ये न घालता आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावेत.

प्रश्न : माझे वडील ऐरोली गावातले. त्यांच्या तरुणपणीचे जेमतेम सात-आठ फोटो आहेत आणि बहुतेकांत मागे नुसते रिकामे माळरान आणि मातीचे ढीग. त्यांत जतन करण्यासारखे काही आहे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आहे, आणि माझ्या मते या अंकातल्या पत्रांत सर्वांत दुर्मीळ ऐवज आपल्याकडे आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली, खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला आणि मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल यायला १९९२ साल उजाडले. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. या वीस-बावीस वर्षांत शेते, मिठागरे आणि खाजणे जाऊन तिथे शहर उभे राहिले. सरकारी छायाचित्रांत त्या काळचे आराखडे, पूल आणि इमारती दिसतात. त्या जमिनीवर वाढलेले आगरी-कोळी तरुण सुट्टीच्या दिवशी काय करत होते, हे मात्र आपल्या वडिलांच्या फोटोंसारख्या फोटोंतच सापडते. आपण पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत सात जण कबड्डीच्या संघासारखे हाताची घडी घालून उभे आहेत, अंगात एकसारख्या बनियनी आहेत आणि पायाखाली चुन्याची रेघ दिसते. मागे जो मातीचा ढीग आहे तो भरावाचा असावा, म्हणजे क्रीडांगण तेवढ्या हंगामापुरतेच होते. वडिलांना विचारा, हे मैदान आज नेमके कोणत्या सेक्टरमध्ये येते. शक्य असेल तर त्यांना घेऊन त्या जागी जा आणि त्याच दिशेला तोंड करून एक फोटो काढा.

फोटो थोडे का, याचेही उत्तर सोपे आहे. गावात कॅमेरा असलेले घर क्वचितच असे. कोणी नोकरीच्या ठिकाणाहून उसना आणे किंवा हळदीच्या नाहीतर जत्रेच्या दिवशी बोलावलेल्या फोटोग्राफरला मित्रमंडळी शेवटी उरलेल्या दोन-तीन फोटोंसाठी गाठत. म्हणून असे फोटो सणाच्या कपड्यांत दिसतात. फोटोग्राफरच्या घरी निगेटिव्ह अजून असतील तर गावातल्या हळदीच्या रोलच्या शेवटच्या तुकड्यांत आपल्या वडिलांचे आणखी फोटो मिळण्याची शक्यता आहे. तिथे अवश्य चौकशी करा.

प्रश्न : आईच्या कपाटात साड्यांखालच्या वर्तमानपत्राच्या घडीत तिच्या कॉलेजच्या सहलीचे नऊ फोटो मिळाले. चारांत एकच तरुण तिच्या शेजारी आहे. तो आमच्या ओळखीचा नाही. फोटो फार सुंदर आहेत, आईच्या पंचाहत्तरीला मला ते मोठे करून हॉलमध्ये लावायचे आहेत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकायचे आहेत. तिला आश्चर्याचा धक्का द्यावा असे मनात आहे.
— एक वाचिका, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : कृपा करून असे करू नका. आपल्या हेतूत प्रेमच आहे, पण हे फोटो अल्बममध्ये नव्हते, वर्तमानपत्राच्या घडीत होते. पन्नास वर्षे एखादी गोष्ट घडीत ठेवणाऱ्या बाईने ती का ठेवली, हे तिचे तिलाच ठाऊक असते. तो तरुण वर्गमित्र असेल, मैत्रिणीचा भाऊ असेल किंवा त्याहून अधिक कोणी असेल. तो आणि त्याचे कुटुंबही आज ठाण्यातच असू शकेल, आणि चाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेला फोटो कुठवर पोहोचेल यावर आपला ताबा राहणार नाही. छापण्याचा विषय निघालाच तर हेही ध्यानात असू द्या की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता तो काढणारी व्यक्ती असते, ज्याच्याकडे प्रिंट आहे ती नव्हे.

दुपारी घरात दुसरे कोणी नसताना नऊही फोटो त्याच वर्तमानपत्राच्या घडीसकट आईसमोर ठेवा. वर्तमानपत्र फेकू नका, त्यावर तारीख असेल. मिळाले कसे ते खरे सांगा आणि मग गप्प बसा. तिला बोलायचे असेल तर ती बोलेल. तिने घडी पुन्हा मिटून कपाटात ठेवली तर तो विषय तिथेच थांबवा. पंचाहत्तरीसाठी दुसरे फोटो मिळतील. आणि तिने एकेक फोटो हातात घेऊन सांगायला सुरुवात केली, तर मऊ शिशाची पेन्सिल जवळ असू द्या. बॉलपेन नको, त्याचा दाब समोरच्या बाजूला उमटतो. फोटो पालथा करून कडेला, हलक्या हाताने, नावे तिच्याच अक्षरात लिहून घ्या.